तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगच्या वर्गात दही कशाला?

"मॅडम, परीक्षेत उत्तरं लिहायची असतात, मग मुलींना एवढी चित्रं का काढायला लावता?" पुण्यात नर्सिंग शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी हे नेहमी विचारतात.

पावसाळ्यात इथे डेंग्यूचे पेशंट वाढले की मुलींच्या तोंडी एकच शब्द असतो, प्लेटलेट. नातेवाइकांच्याही. खरा धोका मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीचा असतो. 'प्लाझ्मा गळतो, हिमॅटोक्रिट वाढतो', म्हणजे रक्तातला पातळ भाग बाहेर जातो आणि तांबड्या पेशींचं प्रमाण वाढतं, ही ओळ मुलींना पाठ असते, पण डोळ्यांपुढे काही येत नाही.

म्हणून पहिल्या तासाला मी फडक्यात दही बांधून टांगते आणि चौथ्या तासाला सोडते. खाली पातेल्यात पाणी, वर घट्ट चक्का. दही कुणी वाढवलेलं नाही, पाणी तेवढं गेलंय. तांबड्या पेशीही तेवढ्याच असतात, रक्त दाट झालेलं असतं.

मग पुस्तक मिटायचं आणि वहीत स्वतः रक्तवाहिनी काढायची. मी फळ्यावर कितीही सुबक चित्र काढलं तरी मुली ते फक्त उतरवून घेतात. स्वतः काढताना कुठे अडतंय ते कळतं. एकीने गळणारे थेंब कागदाच्या कडेला नेऊन सोडून दिले होते.

"अगं, हे पाणी गेलं कुठं?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग फुफ्फुसांभोवती आणि पोटात तिने निळा रंग भरला. दह्याचा दाखला इथे संपतो, कारण हे पाणी शरीरातच राहतं.

ताप साधारण ३ ते ७ दिवसांत उतरतो आणि गळती नेमकी तेव्हाच जोर धरते. घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय. चार्टवर बीपी १००/८०, वरवर ठीकच. पण दोन आकड्यांत अंतर फक्त २०, आणि तळपाय गार: गळती वाढल्याची हीच खूण. रात्रपाळीत त्या खाटेशी आमचीच मुलगी उभी असते. गळती तिला दिसली, तरच ती धावत जाऊन डॉक्टरांना बोलावेल. मला काळजी असते ती याची, मार्कांची नाही.

एक-दोन दिवसांत भिंत सावरते आणि पाणी रक्तात परतू लागतं. तेव्हा सलाईन त्याच वेगाने चालू राहिलं तर फुफ्फुसात पाणी होऊन धाप लागते. त्याच मुलीने, मी न सांगता, उलटा बाण काढला. शेजारी सलाईनची बाटली काढून तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, "वेग कमी करायचा का? डॉक्टरांना विचारणे."