मंत्रीणबाईंचा अर्ज

कापूस वेचता वेचता जाऊबाई म्हणाल्या, "उद्या मंत्री झालीस तर आम्हाला ओळख दे बाई." त्या दिवसापासून शेतात माझं नाव मंत्रीणबाई पडलं. मी फक्त ग्रामपंचायतीला उभी राहते म्हणाले होते, अर्जाचा अजून पत्ता नव्हता.

ही डिसेंबर 2020 ची गोष्ट. राज्यात 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली होती. अर्जाची मुदत 23 ते 30 डिसेंबर, पण मध्येच नाताळ, चौथा शनिवार आणि रविवार. म्हणजे हातात दिवस पाच. आमच्या प्रभागातल्या तीन जागांपैकी एक नामाप्र, म्हणजे नागरिकांचा मागास प्रवर्ग (ओबीसी), महिलेसाठी होती. निम्म्या जागा बायकांना हे 2011 पासून चालत आलंय, त्यामुळे गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. मी स्वतःहून उभी राहते म्हणाले, याचंच जास्त वाटलं.

खरा घोळ नावाचा. जात बापाकडून धरतात, म्हणून जातीचा दाखला माहेरच्या नावाचा. मतदार यादीत सासरचं नाव. आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घरात हाक मारायचे तेच नाव लिहून टाकलेलं. बाई एकच, कागदावर तिघी! भाऊ एसटीने दाखला घेऊन आला. लग्नपत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली, तिच्यावर हळदीचा डाग तसाच होता. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. जात पडताळणीचा अर्ज टाकून त्याची पोच जोडली, वैधता प्रमाणपत्र मुदतीत देईन असं हमीपत्र लिहिलं. शिवाय शौचालयाचा कागद, थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं.

12 सप्टेंबर 2001 नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अट मला आड आली नाही, लेकरं दोनच. पलीकडच्या गल्लीतली एक जण मात्र त्यावरच अडली. तिला दोन मुलींवर मुलगा हवा होता असं नाही, तो तिच्या सासऱ्यांना हवा होता.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. दोन रात्री कॅफेत बसलो. पान उघडायचं, अर्धं भरायचं, पुन्हा कोरं व्हायचं. बाहेर रांगेत गावातले झाडून सगळे उमेदवार, एकमेकांचे विरोधक एकाच शेकोटीला. शेवटी निवडणूक आयोगाने कागदावर अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि 30 तारखेची वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. मी पाचला दहा कमी असताना आत गेले. राखीव जागेची अनामत 100 रुपये, तेवढी पावती बिनबोभाट मिळाली.

दुसऱ्या दिवशी छाननीत विरोधकांनी हरकत घेतलीच, "दाखल्यावरची बाई ही नव्हे." अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, लग्नपत्रिका उलटीसुलटी केली आणि अर्ज वैध ठरवला. ती पत्रिका जोडायची मला कुणी सांगितलं नव्हतं, हे आजही सांगताना बरं वाटतं.

पुढचं पटकन सरलं. चिन्ह कपबशी मिळालं. 15 जानेवारीला मतदान, 18 ला मोजणी, निवडून आले. बॅनरवर माझ्या फोटोपेक्षा ह्यांचा फोटो मोठा होता, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. सरपंचपदाचं आरक्षण त्या वेळी निकालानंतर निघणार होतं, म्हणून गुलाल उधळूनही सगळे सोडतीकडे डोळे लावून बसले.

मला घोर खर्चाच्या हिशोबाचा. निकालापासून तीस दिवसांत तो दिला नाही तर अपात्र ठरवू शकतात, आणि गुलालानंतर हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या नऊ जागांच्या पंचायतीला तेव्हा खर्चाची मर्यादा 25,000 रुपयांची होती. पत्रकं, स्पीकरची रिक्षा, चहा, सगळं लेकीच्या वहीत रोजच्या रोज लिहिलं होतं. ती वही घेऊन तहसीलला एकटीच गेले. पोच लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्र पाहिलं, दाखला पाहिला आणि पेन थांबवून विचारलं, "ताई, यातलं नाव कुठलं लिहू?"

"मतदानाला लावलं होतं तेच," मी म्हणाले.