तुम्ही विचारलंत म्हणून: "बघून तर वाटत नाही"

मला ऑटिझम आहे हे कळलं की बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात. बघून तर वाटत नाही, नोकरी करतेस, चारचौघांत बोलतेस, मग ऑटिझम कसा? अमळनेरच्या आत्यानं तो अहिराणीत विचारला, "तू ते चांगली बोलस, मंग तुले कसाना ऑटिझम?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. बऱ्याचदा त्याला मला धीरच द्यायचा असतो. पण लग्नाच्या मांडवात उभ्या-उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी जळगावला ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या दुकानात हिशेब आणि मालाची नोंद बघते. समजा, तुम्ही सोळा एमएमच्या नळीचं बंडल घ्यायला आलात आणि आपण बोलतोय. तुम्हाला माझा आवाज ऐकू येतो, मलाही तुमचा येतो. पण त्याच वेळी, तितक्याच जोरात, मला ट्यूबलाइटची घूंऽऽ ऐकू येते, पंख्याच्या पात्याची कुरकुर येते, रस्त्यावरचा रिव्हर्स घेणारा टेम्पो येतो, मागे कुणीतरी मोजत असलेले ड्रिपर येतात. तंबाखूचा वास आणि कुर्त्याच्या मानेवरचं लेबल ही त्यात भर. तुमचा मेंदू यातलं बरंचसं तुम्हाला न विचारताच बंद करतो, शेतात नको त्या लाइनचा व्हॉल्व्ह आपण फिरवतो तसा. माझ्या सगळ्या लाइनी एकदम चालू असतात. मग "चार बंडलं द्या" एवढे तीन शब्द त्यातून वेचून काढावे लागतात. मी ते काढते. बिल चुकत नाही. तुम्हाला दिसतं ते बिल.

डोळ्यांत बघून बोलायचं तर ऐकायचं राहून जातं, म्हणून मी समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघते. कुठे हसायचं, हसू कधी आवरायचं, "काय मग, पाऊसपाणी?" याला किती लांब उत्तर द्यायचं, हे मी शाळेपासून मैत्रिणींकडे बघून पाठ केलं आहे. ते अजूनही आपोआप होत नाही. दर वेळी करावं लागतं. संध्याकाळी घरी आले की दिवा न लावता खोलीत पडून राहते आणि तासभर कुणाशी बोलत नाही. आईला आता ते माहीत आहे, ती जेवायला बोलवायलाही येत नाही, ताट झाकून ठेवते. तुम्ही "वाटत नाही" म्हणता तेव्हा ही खोली तुम्हाला दिसलेली नसते.

आपल्याकडचा पाहुणचार मला मनापासून आवडतो आणि तोच मला सगळ्यात अवघड जातो. "चहा घेणार?" याला पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही "नको", तिसऱ्यांदा "अर्धा कप" आणि मग पूर्ण कप प्यायचा असतो. पंगतीत वरण-बट्टीवर तूप वाढणाऱ्याला "बस" म्हटलं की धार आणखी वाढते. "या ना कधी घरी" हे कधी खरं बोलावणं असतं आणि कधी नुसतं निरोप घेताना म्हणायचं वाक्य. ज्यांना हे जमतं ते कुठून शिकले हे त्यांनाही सांगता येत नाही. माझं "नको" म्हणजे नको असतं आणि "हो" म्हणजे हो. मी सरळ उत्तर दिलं की माणूस दुखावतो, आणि तो का दुखावला हे मला घरी आल्यावर, बऱ्याच उशिरा उमगतं. डेमियन मिल्टन नावाचे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसं इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही, पण शिकण्याचा भार मात्र एकावरच पडतो. ते वाचलं तेव्हा मला फार मोकळं वाटलं होतं.

लहानपण पारोळ्याकडच्या गावात गेलं. दिवाळीनंतर कापूस घरात यायचा आणि भाव चढेपर्यंत पुढची खोली छतापर्यंत भरलेली असायची. घरात पाहुणे वाढले की मी त्या ढिगात शिरायचे. कापसाचा भार अंगावर सगळीकडून सारखा पडतो आणि बाहेरचा आवाज पार बुजून जातो. नंतर अंगाला खाज सुटायची, ओरडाही मिळायचा, तरी मी जायचेच. अंगावर असा घट्ट, सारखा दाब आला की पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना शांत वाटतं, हे मला मोठेपणी कळलं. आजीला कुठलंच नाव माहीत नव्हतं. पण कुणी मला माणूसघाणी म्हटलं की ती म्हणायची, "पोरले गलबला सोसत नई, बस." माझ्याबद्दल इतकं अचूक त्या घरात दुसरं कुणी बोललं नाही.

मग तेव्हाच कसं कळलं नाही? अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमवरच्या निबंधात ज्या अकरा मुलांवर लिहिलं त्यांत मुली तीनच होत्या, आणि पुढे कितीतरी वर्षं ऑटिझम म्हणजे न बोलणारा लहान मुलगा हेच चित्र डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर राहिलं. गप्प बसणारी, अभ्यास करणारी मुलगी आपल्याकडे "गुणाची" ठरते, तिला कोण डॉक्टरकडे नेणार? आवाज, स्पर्श, उजेड यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे निदानाच्या निकषांत स्पष्टपणे आलं तेही २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत. माझ्या भाच्याचं निदान झालं तेव्हा त्याच्याबद्दल विचारलेले प्रश्न ऐकताना मी मनातल्या मनात माझीच उत्तरं देत होते. त्यानंतर पुण्याला जाऊन रीतसर तपासणी करून घेतली.

कमी जाणवणं हाही याचाच भाग आहे, आणि खान्देशात तो धोक्याचा आहे. मला तहान लागलेली कळत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, सगळे माठाकडे पळत असतात आणि मी डोकं ठणकेपर्यंत स्टॉकचं रजिस्टर लिहीत बसलेली असते. आता मोबाइलवर गजर लावला आहे. तो वाजला की तहान असो-नसो, पाणी प्यायचं. तुमच्या घरात असं मूल असेल तर "तहान लागली का?" असं विचारत बसू नका, त्याच्या हातात ग्लास द्या.

आणि लग्न. डीजेचा ठोका मला कानात कमी आणि छातीत जास्त ऐकू येतो. त्यात फोकसचा उजेड, अत्तर, काठाची टोचणारी साडी, दर मिनिटाला गळ्यात पडणारं कुणीतरी. एका मर्यादेनंतर माझे शब्दच जातात. बोलायचं असतं, पण तोंडातून निघत नाही. लोक म्हणतात रुसली. रुसलेलं माणूस कुणीतरी समजूत काढेल याची वाट बघत असतं. मला त्या वेळी फक्त अंधार आणि शांतता हवी असते. भाच्याचं उलट आहे, तो किंचाळतो, जमिनीवर पडतो, आणि "हट्टी आहे, दोन ठेवून द्या" असा सल्ला मिळतो. हट्ट मागितलेली वस्तू दिली की थांबतो. हे थांबत नाही, कारण त्याने काही मागितलेलंच नसतं. तो हात फडफडवतो तेही मोडून काढायची घाई करू नका. त्यानेच तो स्वतःला सावरत असतो.

त्याच्या आईला जे ऐकावं लागतं त्याबद्दल मला रागच आहे. तिने मोबाइल दिला म्हणून झालं नाही, ती नोकरीला जाते म्हणून झालं नाही, लसीने तर नाहीच. लसीचा संशय ज्या १९९८ च्या निबंधाने पसरवला तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. ऑटिझमला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, प्रमाणपत्र मिळतं, शाळेत सवलती मागता येतात. ते कागद करण्यात लाज कसली?

आत्या, मार्गशीर्षात तुमच्याकडे लग्न आहे आणि मला यायचं आहे. कुठला कार्यक्रम किती वाजता, हे आधी फोनवर सांगा. आदल्या दिवशी खापरावर मांडे करताना मी बसेन, हातावर थापण्याचा तो आवाज मला कितीही वेळ चालतो. वरातीत मला ओढू नका. आहेराची वही माझ्याकडे द्या, मागच्या खोलीत, डीजेपासून लांब. एक नाव, एक रुपया इकडचा तिकडे होणार नाही. आणि मध्येच मी वही मिटून गच्चीवर गेले तर पाठोपाठ कुणाला पाठवू नका, मी माझी खाली येईन.