भावकी एक, माहेरही एकच

हर्णैच्या बाजूला वादळात होडी उलटून दोघे चुलतभाऊ बेपत्ता झाले, आठवड्याभराने एकच बॉडी किनाऱ्याला लागली. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. थोरल्या जावेने टीशर्ट बघून माझाच पोरगा म्हणून सांगितलं, धाकटी म्हणाली टीशर्टचं काय घेऊन बसलात, दोघं एकमेकांचे कपडे घालायचे. मग दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा सीलबंद होऊन आमच्या डीएनए लॅबला आला, सोबत दोन्ही आयांचं रक्त. बाप दोघांचेही आधीच वारलेले.

हवालदार म्हणे, मॅडम वाय टेस्ट मारून टाका ना, काकाचं सॅम्पल आणतो. म्हटलं दादा, वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, हे दोघं सख्ख्या भावांची पोरं, काकाशी दोघांचाही जुळणार, अख्ख्या भावकीचा जुळेल! मग मायटोकॉन्ड्रियल डीएनए करू, ते फक्त आईकडून येतं, असा विचार करत फॉर्म चाळत होते (फोटो, अंगठा सगळं असतं त्यावर) तर दोघींचं माहेरचं गाव एक, आडनाव एक. हवालदाराला फोन लावला. "हो मग, सख्ख्या बहिणीच त्या, एकाच मांडवात लग्नं झालेली." झालं, एकाच आईच्या पोरी, म्हणजे दोघींच्या पोरांत तेच मायटोकॉन्ड्रियल, तोही रस्ता बंद.

उरले नेहमीचे एसटीआर. डीएनएतला चार अक्षरांचा तुकडा किती वेळा रिपीट झालाय ते मोजायचं, प्रत्येक ठिकाणी दोन आकडे, एक आईकडचा एक बापाकडचा, त्यामुळे खरी आई असेल तर सगळीकडे एक तरी आकडा जुळायला हवा. मावशीचेही बरेच जुळतात, हीच तर गोची. समुद्राच्या पाण्याने हाडातला डीएनए पार खराब झालेला, पण दाढेवरचं इनॅमल कडक, आतला माल टिकला होता. डी१८एस५१ नावाच्या ठिकाणी बॉडीचे १३ आणि १७, थोरलीचे १४ आणि १६. एखाद-दुसरं ठिकाण म्युटेशनने हुकू शकतं, तेवढ्यावर आम्ही कुणाला नाही म्हणत नाही, पण २० पैकी ७ ठिकाणी थोरली जुळेना आणि धाकटी सगळीकडे जुळली.

रिपोर्ट न्यायला हवालदार आला तेव्हा म्हणाला, टीशर्ट मात्र थोरलीच्या पोराचाच होता हो, आता तिला काय सांगू? मी म्हटलं तिचा प्रोफाइल फाइलला आहे, तिच्या पोराचं नुसतं हाड सापडलं तरी रक्त परत घ्यावं लागणार नाही, तेवढं रायगडकडच्या पोलीस ठाण्यांनाही कळवून ठेवा, वाहून कुठेही लागतं.