चोवीस चौरस पाकिटं

१६ डिसेंबर २०२४, सोमवार. ख्रिसमस दीड आठवड्यावर आलेला, त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर मान वर करायला फुरसत नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, शेतांच्या मधोमध एका छोट्या पोस्टात मी काउंटरवर असते. बाहेर मोटारींच्या बाजूला घोडागाड्या उभ्या असतात. वाढले मी साताऱ्यात, पण आमिश, म्हणजे मोटारी टाळून जुन्या साध्या पद्धतीने राहणारे इथले ख्रिस्ती लोक, यांच्या लेखी आमिश नसलेला प्रत्येक जण ‘इंग्लिश’, म्हणजे इथे मीही इंग्लिशच. आईला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर किती तरी वेळ हसत होती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास एक आमिश मुलगी आली. वीस-एकविशीची, काळं बॉनेट, काळी शाल. पायाने रेटायची स्कूटर बाहेर भिंतीला टेकवलेली. इथले आमिश सायकल वापरत नाहीत, ही स्कूटर चालते. तिने बुटांचं खोकं काउंटरवर ठेवलं. आत चोवीस पाकिटं, सगळ्यांवर तिकिटं लावलेली, आणि सगळी एकजात चौरस.

चौरस पाकीट म्हणजे आमच्याकडे दुखणं. छाननीच्या मशीनला लांबी-उंचीतल्या फरकावरून पाकीट कसं धरायचं ते कळतं. चौरस आलं की ते बिचकतं, म्हणून त्यावर जादा आकार. ७३ सेंटचं तिकीट होतं, वर ४६ सेंट. शिवाय बोटांना आत काहीतरी टणक लागत होतं. “आत काय आहे?” मी विचारलं.

“बटणं,” ती म्हणाली आणि न चिकटवलेलं एक पाकीट उघडून कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

जाड पांढरा कागद, कडेने शिवणयंत्रावर घातलेली लाल दोऱ्याची टीप. मध्ये गोठा आणि त्यापुढे रंगीत पेन्सिलीने काढलेला घोडा. घोड्याला पाय पाच. एक खोडलेला, पण खोडरबराने नीट न गेलेला. गोठ्यावरचा तारा म्हणजे दोऱ्याने टाचलेलं पिवळं बटण. खाली बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन, जर्मनमध्ये, आखलेल्या रेघा अजून दिसत होत्या. सांताक्लॉज नाही, सजवलेलं झाड नाही. माझं लक्ष नकळत तिच्याकडे गेलं: तिच्या पोशाखाला पुढून नुसत्या टाचण्या होत्या. या बायका कपड्यांना बटणं लावत नाहीत. ती सगळी कार्डांवर गेली असावीत.

ती शिक्षिका होती. एका खोलीची शाळा, पहिली ते आठवी, चोवीस मुलं. आमिश मुलांचं शिक्षण आठवीला संपतं; १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हापासून त्यावर कुणी हरकत घेत नाही. शिकवणारीही बहुतेक आठवी झालेलीच असते.

पाकिटांवर पत्ता एकच होता, ओहायोतल्या होम्स काउंटीचा. मग मी माझी हुशारी दाखवली. म्हटलं, जादा आकारच ११ डॉलर ४ सेंट होतो. सगळी एका खोक्यात घाला, एक पार्सल करू, तिकिटं पुढे कधीतरी वापरा.

“मग एकच दिवस खोकं येईल,” ती म्हणाली. “त्यांना रोज चालायचंय.”

मला कळेना. मग तिने सांगितलं. पत्त्यावरच्या बाई या शाळेच्या आधीच्या शिक्षिका. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता बहिणीकडे आहेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि त्या खुर्ची सोडत नाहीत. टपालपेटी मात्र शेतवाटेच्या टोकाला आहे, रस्त्यावर.

कार्ड शॉवर मला ठाऊक होता. ‘द बजेट’ हे ओहायोतलं साप्ताहिक १८९० पासून निघतं, ‘दी बोटशाफ्ट’ १९७५ पासून. अमुक आजारी आहे, कार्डं पाठवा, अशी विनंती त्यांत येते आणि अनोळखी घरांतूनही कार्डांचा पाऊस पडतो. पण तो एकदम कोसळून जातो. या पोरीला झड हवी होती.

तिने पाकिटं उलटी केली. प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक तारीख: १६, १६, १७, १७... शेवटची ३ जानेवारी, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, जुन्या कालगणनेच्या ख्रिसमसपर्यंत, पुरेल अशी. शनिवार-रविवार गाळलेले, २५ आणि १ गाळलेले, २६ सुद्धा, कारण तो त्यांचा दुसरा ख्रिसमस. बारा दिवस, रोज दोन. “तुम्ही ठेवून घेऊन त्या त्या दिवशी टाकाल का?”

नाही, तिकीट लावलेलं टपाल असं ठेवून घेता येत नाही. तेही सांगितलं, आणि गर्दीत मागेपुढे होणारच, हेही. तिने मान हलवली, दोन पाकिटं माझ्याकडे सरकवली, नाणी मोजून ९२ सेंट दिले, उरलेली बावीस खोक्यात परत.

मंगळवारी ती आली. बुधवारीही. रोज ९२ सेंट सुटे, रोज रांगेत तिच्या पाळीपर्यंत गप्प उभी. तिसऱ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं, जादा आकाराची लेबलं आधीच काढून ठेवायला लागले.

३ जानेवारीला शेवटची दोन. त्यातल्या एकात तो पाच पायांचा घोडा होता. वरून चाचपल्यावर ताऱ्याचं बटण लागलं. ते वाचवून मी अगदी कडेला, हाताने शिक्का मारला.