खोडदची रात्र आणि विजेच्या तारेवरची ठिणगी

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळलं की टोमॅटो-द्राक्षांच्या रानापलीकडे ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही खोडदची जीएमआरटी, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. आवारात मोबाइल बंद करायला सांगितल्यावर कुणी कुरकुरलं की मला खरंच राग येतो. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण, की जवळचा एक फोन तो सहज गिळतो.

जीएमआरटीच्या ३० अँटेनांपैकी १४ मधल्या चौकात, बाकीच्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. निरीक्षणाची वेळ मागताना मध्यरात्रीनंतरचीच मागावी. सूर्यास्तानंतरचे काही तास आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळलेलं असतं आणि २५०-५०० मेगाहर्ट्झच्या बँड ३ मध्ये फेज, म्हणजे येणाऱ्या लहरींची कला, स्थिर राहत नाही.

सुरुवात ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ या तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एकाने, दहाएक मिनिटं. यांची तेजस्विता ठाऊक असते, पुढचं सगळं मोजमाप त्यावरच. मग लक्ष्याजवळचा फेज कॅलिब्रेटर, म्हणजे फेज जुळवून घ्यायचा ओळखीचा स्रोत, पाच मिनिटं, लक्ष्य अर्धा तास, परत कॅलिब्रेटर, असं आलटून पालटून. इथे मिनिटं वाचवणाऱ्यांची मला कीव येते.

कंट्रोल रूममध्ये डोळ्यात तेल घालून बघायचं ते कॅलिब्रेटरच्या फेजकडे. दुर्बीण अँटेनांच्या जोड्याजोड्यांनी संकेत जुळवते; एक अँटेना गेली की ४३५ जोड्यांपैकी २९ जातात. मधल्या चौकातली गेली तर चालवून घेता येतं. भुजेच्या टोकाची गेली तर बारकावा जातो, तेव्हा ऑपरेटरला विनंती करून दुरुस्तीसाठी थांबणं परवडतं.

सर्वांत छळतात त्या विजेच्या तारा. मोबाइल किंवा उपग्रहाचा त्रास ठरावीक चॅनेलपुरता, म्हणजे बँडच्या काही अरुंद पट्ट्यांपुरता, तेवढे चॅनेल कापले की झालं. सैल इन्सुलेटरवर उडणारी ठिणगी मात्र अख्ख्या बँडभर पसरते, कोरड्या हवेत जास्तच. लांबच्या जोड्यांमध्ये ती फारशी उरत नाही, पण चौकातल्या जवळजवळच्या अँटेनांना ती एकदमच ऐकू येते. नेमक्या याच आखूड जोड्यांमधून दीर्घिकासमूहाचा पसरट, मंद प्रभामंडल मिळतो. सरसकट फ्लॅगिंग, म्हणजे खराब नोंदी वगळणं, चालवलं तर ठिणगीसोबत तोही पुसला जातो आणि नकाशात फक्त ठिपके उरतात. म्हणून आखूड जोड्या वेगळ्या काढून, वेळेच्या छोट्या तुकड्यांत, हाताने तपासाव्यात. वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही.

राहायची-जेवायची सोय साधी आणि चोख. निघताना एलटीए फाइलसोबत (दुर्बिणीची कच्ची नोंद) ऑपरेटरची नोंदही मागून घ्यावी. कोणती अँटेना किती वाजता बंद होती, वाऱ्यामुळे तबकड्या कधी थेट वर तोंड करून थांबवून ठेवल्या, हे त्यात असतं. फाइल एफआयटीएस या खगोलशास्त्रातल्या प्रचलित स्वरूपात बदलून कासा या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलात की पहिली गरज या नोंदीचीच पडते.