ग्रहण पाळलं होतंस का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, पाळलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये आलेला तो भाकड दिवस. ग्रहणातच सूर्य मावळला होता. मला सातवा महिना. सासूबाईंनी सकाळीच फोन करून बजावलं होतं, ‘आज काही चिरू-कापू नकोस, बाई.’ मी बरं म्हटलं आणि संध्याकाळी गच्चीत बसून पेरू कापला. तिखटमीठ लावून खाल्ला. तुम्हाला हवा असलेला कबुलीजबाब तो हाच असेल, तर घ्या.

लेकीच्या तोंडात, टाळूला फट आहे म्हटल्यावर हा प्रश्न मला बारशात विचारला गेला, हळदीकुंकवात विचारला गेला आणि ऑफिसात डबा खातानाही. शिकलेली माणसं आधी ‘आम्ही मानत नाही हं, विचारलं आपलं’ अशी पुस्ती जोडतात. माझं उत्तर पाठ झालंय. बाळाचा टाळू पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळतो. जुळायचा तर तेव्हाच, नाहीतर नाही. सातव्या महिन्यातला पेरू मागे जाऊन तो फाडू शकत नाही. तुमच्या शास्त्राला धरूनसुद्धा हिशेब लागत नाही.

एवढं बोलले की समोरची बाई गप्प होते. मी जिंकते. घरी येते.

आता न सांगितलेलं सांगते. ती पंधरा दिवसांची होती तेव्हा एकदा दूध नाकातून आलं. त्या रात्री तिला उभी धरून बसले असताना दुसऱ्या हातानं मी फोनवर जुनी ग्रहणं शोधत होते. तिसऱ्या महिन्यापर्यंतची. १६ मे २०२२ला एक खग्रास चंद्रग्रहण सापडलं आणि पोटात गोळा आला. पुढे वाचलं, ते भारतातून दिसलंच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. जे मी मानतच नाही, त्यातून निर्दोष सुटले म्हणून रडले. त्या रात्रीच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, आज भेटले तर तिला काय सांगावं, मला सुचत नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं, ती दहा महिन्यांची असताना. ‘एवढ्याशा जिवाला कशाला, मोठी होऊ द्यायची’ हा तुमचा दुसरा प्रश्न. मोठी होऊ दिली असती तर बोलणं बिघडलं असतं. ‘ब’ म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळूला फट असली की ती नाकावाटे निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो. म्हणून आमच्याकडे बाबाला मामा म्हणायचं चाललं होतं. खऱ्या मामाला याचा कोण आनंद! नवराही हसायचा. ‘आई’ मात्र तिला छान म्हणता यायचं, त्यात कोंडायचं काही नसतंच. माझ्या वाट्याला हे आयतं आलं होतं आणि मी ते मिरवलंही, खोटं कशाला बोलू.

एकदा हिमोग्लोबिन नऊवर भरलं म्हणून तारीख पुढे ढकलली होती. दोन महिने लोहाचं औषध पाजलं तेव्हा ते दहाच्या वर गेलं. मग भरती झालो.

रात्री दोनला वरचं दूध बंद, सहाला दोन चमचे पाणी, की संपलं. नंबर आठचा होता. आधीचं ऑपरेशन लांबलं. आठाचे नऊ झाले, नवाचे दहा. ती रडून रडून घोगरी झाली होती. सलाईनचा हात खाटेवर आपटत होती. पिशवीत बोंडलं दिसलं की झेपावायची. नवरा पैसे भरायला खाली गेला होता. मी बोंडलं घेऊन बाथरूमकडे निघाले. दोन चमचे साखरपाणी, एवढ्यानं काय होणार? भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन छातीत जाऊ शकतं, हे मला आदल्या दिवशी दोनदा समजावलं होतं आणि मी सहीसुद्धा केली होती. तरी निघाले.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मनगट धरलं. नगरकडची होती. मुलगा लेकीएवढाच, ओठाचं आधी झालेलं, टाळूचं बाकी.

‘ताई, नका देऊ. मागच्या खेपेला आमच्या आत्याबाईनं बिस्कीट चारलं, तर परत धाडलं आम्हाला.’

मी खाली बसले. तिनं लेकीला उचललं आणि खिडकीशी नेऊन कावळा दाखवला. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुम्ही गिरान पाळलं नव्हतं का?’

त्या दिवशी पाठ केलेलं उत्तर आलं नाही. म्हटलं, ‘नाही. पेरू कापला होता.’

‘मी पाळलं होतं,’ ती म्हणाली. ‘त्याच दिवाळीतलं. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. भिंतीला टेकून बसले, कूससुदिक बदलली नाही. तरी घरचे म्हणतात, तुझीच काहीतरी चूक झाली असेल.’

मी तिला तिसऱ्या महिन्याचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘असेल.’ पुढे काही नाही. साडेदहाला लेकीला आत नेलं. दाराशी तिला माझ्या हातातून सोडवून घ्यावं लागलं. ती मला घट्ट धरून होती की मी तिला, हे विचारू नका.

आता तुमच्याशी वाद घालताना मी त्या बाईचं उदाहरण देते. बघा, पाळूनही झालंच ना! बिनतोड मुद्दा आहे. पण तिनं काही मी वाद जिंकावा म्हणून ते सांगितलं नव्हतं. तिचं नावही मी विचारलं नाही.

दोन तासांनी लेक बाहेर आली. तोंडातून गुलाबी लाळ, डोळे सुजलेले. हात तोंडात जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोपरांना कडक बाह्या. घरी पेज आणि वरणाचं पाणी, तेही वरून ओतून. चमचा आत न्यायचा नाही. पाचव्या दिवशी मी पेज गाळत होते, तर ही पलंगाला पाठ टेकून उभी. दोन्ही हात ताठ, कवायतीतल्या शिपायासारखी. आणि तशीच निघाली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पडली असती तर हात टेकता आले नसते, थेट तोंडावर आपटली असती. मी ‘बस! खाली बस!’ असं इतकं जोरात ओरडले की ती दचकून खरंच बसली. पहिली पावलं कौतुकानं बघायची असतात म्हणे. मी टाके बघत होते.

‘बाबा’ त्या आठवड्यात आलं नाही. त्या वर्षीही नाही. वाचा शिकवणाऱ्या ताईंकडे कागदाचे कपटे फुंकून उडवायचा खेळ बरेच महिने चालला. दीड वर्षाची होऊन गेल्यावर एका दुपारी बाबा झाला. मामा थोडा हिरमुसला.

मागच्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ला, पुन्हा खग्रास चंद्रग्रहण होतं. या वेळी आपल्याकडे लख्ख दिसलं. मला दुसऱ्या वेळचा तिसरा महिना. टाळू जुळतो तोच. फोलिक अ‍ॅसिड आधीपासून चालू होतं, सोनोग्राफीची तारीख ठरलेली होती. अकराच्या सुमारास चंद्र तांबूस झाला तेव्हा आम्ही तिघं गच्चीत होतो. लेक म्हणाली, ‘बाबा, चंद्र भाजला.’ ‘ब’ स्पष्ट, ‘भ’ स्पष्ट.

खाली आल्यावर नवऱ्यानं सफरचंद आणि सुरी माझ्यापुढे ठेवली. मुद्दाम नसेल ठेवली, रोजच ठेवतो. मी म्हटलं, आज भूक नाहीये.

भूक होती.