तुम्ही विचारलंत म्हणून: आधी बोर्ड का?

"बजेट एवढंच आहे, गेमसाठी पीसी हवा आहे, ओव्हरक्लॉक करणार आहे (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळवणार आहे). मग मदरबोर्ड आणि एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज देणाऱ्या डब्यात) इतके पैसे का अडकवायला लावता? तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येतं." हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की पहिले चार शब्द ऐकले की पुढचे मला पाठ असतात. मी तुकड्यातुकड्यात उत्तर देतो, आणि मी उगाच घाबरवतोय असं समोरच्याला वाटतं. एकदा सगळं सांगतो.

तुमचा हिशोब चुकीचा नाही. गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतील ते बहुतेक वेळा कार्डच ठरवतं, महागडा बोर्ड लावून त्या वाढत नाहीत. मीही हेच म्हणायचो, तुमच्यापेक्षा ठासून. "बोर्ड म्हणजे सॉकेट आणि स्लॉट, बाकी सजावट" हे वाक्य माझं आहे. ते मी माझ्या मामेभावाला ऐकवलं होतं.

त्याने वर्षभर पैसे साठवले होते. यादी मी केली. प्रोसेसर एएमडीचा एफएक्स-६३००: सहा कोअर, ३.५ गिगाहर्ट्‌झ, मल्टिप्लायर खुला (म्हणजे वेग वाढवता येणारा). कूलर चांगला, उभा टॉवरवाला. बोर्ड मात्र मिळेल तो सगळ्यात स्वस्त, व्हीआरएमवर (प्रोसेसरला नेमकं व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक म्हणजे उष्णता सोडणारा धातूचा तुकडाही नसलेला. वाचलेले पैसे कार्डात घातले. पहिल्याच संध्याकाळी १.४० व्होल्ट देऊन ४.४ वर नेला. दहा मिनिटं स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवली, तापमान आटोक्यात होतं. तो खूश होता आणि मी त्याच्याहून जास्त.

आठवड्याभरात त्याचा फोन आला. "दादा, वीस मिनिटं मस्त चालतो, मग गेम अडखळायला लागतो." मी म्हटलं, ड्रायव्हर पुन्हा टाक. त्याने टाकला. म्हटलं, विंडोज नव्याने टाक. तीही टाकली. मग मी चिडून म्हणालो की तूच काहीतरी भलतंसलतं डाउनलोड करून ठेवलं असशील. तो गप्प बसला. ते वाक्य मला अजून बोचतं. शेवटी मी निदान केलं की कार्ड कमी पडतंय. त्याने ते तोट्यात विकलं, आणखी काही महिने पैसे जमवले आणि मोठं घेतलं. पुन्हा तेच. वीस मिनिटं मस्त, मग अडखळणं.

तेव्हा कुठे मी त्याच्या घरी गेलो. जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते तेव्हा केलं: गेम चालू ठेवून मागे प्रोसेसरच्या वेगाची नोंद घेतली. ४.४, ४.४, ४.४, आणि एकदम १.४. काही सेकंद तसाच, मग परत ४.४, परत १.४. प्रोसेसरचं तापमान साठच्याही खाली. कॅबिनेटची बाजू काढून प्रोसेसरच्या सॉकेटच्या डावीकडे, त्या व्हीआरएमकडे बोट नेलं, तर टेकवणं सोडाच, जवळही धरवेना. टेबलावरचा पंखा उचलून त्या भागावर रोखला. अडखळणं थांबलं. अर्धा तास, एक तास, वेगाच्या आलेखाची रेघ ४.४ वर सरळ.

तो माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "म्हणजे कार्ड बदलायची गरज नव्हती?"

नव्हती.

गणित मला आधीपासून येत होतं, हे जास्त लागतं. चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.५ चे ४.४ म्हणजे सव्वापट. १.२५ चे १.४० म्हणजे वर्ग केल्यावर आणखी सव्वापट. ९५ वॅटची चिप दीडशेच्या घरात जाते, आणि १.४ व्होल्टला दीडशे वॅट म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. एवढा करंट व्हीआरएमच्या त्या उघड्या मॉस्फेटमधून (करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिपमधून) जात होता. प्रोसेसरसोबत डब्यात येणाऱ्या कूलरचा पंखा निदान बोर्डावर वारा तरी मारतो. माझा टॉवर कूलर हवा आडवी नेत होता, म्हणजे चांगला कूलर बसवून मीच त्या मॉस्फेटचा वारा काढून घेतला होता. मग बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरला खाली ओढायचा.

एसएमपीएसचंही थोडं असंच. डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा बघू नका, १२ व्होल्टवर किती मिळतात ते बघा. ८० प्लसचं चिन्ह फक्त कार्यक्षमता सांगतं, आतली संरक्षणं कशी आहेत ते नाही.

पण माझ्यातला जुना मी अजून भांडतो. तो म्हणतो, ओव्हरक्लॉकिंग हे पैसे नसलेल्यांचंच होतं. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा बस (बोर्डाकडून मिळणारा मूळ वेग) ६६ वरून १०० वर नेला की ३०० चे ४५० मेगाहर्ट्‌झ व्हायचे. २०१४ च्या पेंटियम जी३२५८ ला लोकांनी ३.२ वरून साडेचारच्या आसपास नेलं. सगळंच भारी घ्यायचं, तर बजेट कसलं? मी त्याला सांगतो की त्या पेंटियमला दोनच थ्रेड होते (एका वेळी दोनच कामं), आणि त्याच वर्षीचे काही मोठे गेम त्यावर सुरूच व्हायचे नाहीत. पण हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे दोघांनाही कळतं.

खरं तर आता मी अनेकांना ओव्हरक्लॉक करूच नका म्हणतो. नव्या चिप आपणहून मर्यादेजवळ पळतात. इंटेलमध्ये नावात के असलेली खुल्या मल्टिप्लायरची चिप आणि झेड चिपसेटचा (बोर्डावरच्या मदतनीस चिपचा) बोर्ड, दोन्हींचे पैसे मोजावे लागतात, आणि तेवढ्यात बऱ्याचदा वरची साधी चिप येते. एएमडीच्या रायझनला ओव्हरक्लॉक बी चिपसेटवर चालतं, ए वर नाही. मग लोक विचारतात, तुम्ही का करता? कारण ती रेघ सरळ राहिलेली बघायला मला अजूनही आवडते. याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

भावाचा तो पीसी व्होल्टेज उतरवून ४.० वर पुढे बरीच वर्षं चालला. परवा त्याने नव्याची यादी मागितली. म्हणाला, "बाकी तू ठरव दादा, बोर्ड मी बघतो." त्याने निवडलेल्या बोर्डाचा फोटो आलाय, व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी जाड हीटसिंक आहेत. तो बघून माझ्या मनात पहिलं हेच आलं की एवढ्यात कार्ड एक पायरी वरचं आलं असतं. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.